पायांखालची फरशी



घराविषयीं बोलूं लागलें म्हणजे माणूस बहुधा छपराविषयीं, खिडक्यांविषयीं किंवा भिंतींच्या रंगाविषयीं बोलतो. जमिनीविषयीं बोलण्याचें कोणाच्या फारसें मनांत येत नाहीं. वास्तविक घरांतील कोणत्याहि वस्तूशीं आपला संबंध जमिनीइतका निकट नसतो. मूल रांगतें तें जमिनीवर, पंगतीचीं पानें मांडावयाचीं तीं जमिनीवर, आणि म्हातारपणीं पाय घसरून माणूस पडतें तेंहि जमिनीवरच. म्हणून आज मला मिळालेलीं हीं थोडीं मिनिटें मीं जमिनीस, आणि त्यांतहि दगडी फरशीच्या जमिनीस, द्यावयाचें ठरविलें आहे.

मी बोलणार आहें तें महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांतील अनुभवावरून. रायगड जिल्ह्याचा हा भाग समुद्रकिनाऱ्यापासून आंत, सह्याद्रीच्या अगदीं पायथ्याशीं आहे. येथें वर्षाकांठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. वर महाबळेश्वरास तर दोनशें इंचांनाहि तो मागें टाकतो. त्या पठारावरचें पाणी सावित्री नदी पोलादपुरावरून महाडास आणते आणि पुढें बाणकोटच्या खाडींतून समुद्रास देते. परंतु खाडीची भरती महाडच्या आसपास येऊन पोंचते. वरून पूर आणि खालून भरती अशी गांठ पडली कीं पाण्याला जावयास वाट उरत नाहीं, आणि मग तें आपल्या घरांत शिरतें. अशा गांवीं फरशी ही केवळ शोभेची वस्तु राहत नाहीं. वर्षादोनवर्षांनीं तिची परीक्षा होते, आणि परीक्षक मोठा कडक असतो.

२२ जुलै २०२१ रोजीं अशी परीक्षा झाली. त्या दिवशींचा महाडचा पूर आपल्यापैकीं पुष्कळांना आठवत असेल. माझ्या आत्याबाईंचें घर गांवाच्या सखल भागांत आहे. त्या घराची ओटी आणि माजघर ह्यांना आजोबांच्या वेळची शहाबादी फरशी होती. पुढचा दिवाणखाना मात्र नवा. घरांतल्या एका लग्नाच्या निमित्तानें मींच पुढाकार घेऊन तेथें पांढराशुभ्र संगमरवर बसवून घेतला होता. लग्नाची तिथि जवळ आलेली, गवंडी म्हणे अजून आठ दिवस हवेत, आणि मी म्हणें चार दिवसांत उरका. त्यानें उरकलें. फरशी आरशासारखी चमकूं लागली, आणि येणाजाणारा प्रत्येक माणूस माझी पाठ थोपटूं लागला.

पूर आला तेव्हां आत्याबाई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होत्या, म्हणून सुखरूप राहिल्या. पाणी ओसरल्यावर आम्हीं घरांतला चिखल फावड्यांनीं ओढून काढला आणि जमीन धुतली. शहाबादी फरशीच्या सांध्यांतला चुना कांहीं ठिकाणीं वाहून गेला होता, एवढेंच. संगमरवरावर चालतांना मात्र कोठें कोठें पोकळ आवाज येऊं लागला. गणपति तोंडावर आले होते. त्या वर्षीं १० सप्टेंबरला चतुर्थी होती. मीं म्हटलें, सण होऊन जाऊं द्या, मग पाहूं. ही माझी दुसरी घाई. सणाच्या तिसऱ्या दिवशीं भिंतीलगतचे दोन दगड बोटभर खचले, त्यांची कड वर आली, आणि नैवेद्याचें ताट घेऊन निघालेल्या आत्याबाई त्या कडेला अडखळून पडल्या. पंचाहत्तरीच्या पुढचें वय. मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, आणि त्या आतां काठी घेऊन चालतात. मला त्या एका शब्दानेंहि बोलल्या नाहींत, इतकेंच म्हणाल्या, "अरे, वरचा दगड तूं पाहून आणलास, पण खालीं काय आहे तें कोणी पाहिलें?"

आजचें माझें सारें बोलणें म्हणजे ह्या एका प्रश्नाचें उशीरा दिलेलें उत्तर आहे.

ती जमीन पुढें आम्हीं उकलली. खालीं काय होतें? जुनी सारवणाची भुई तशीच्या तशी ठेवलेली होती. तिच्यावर तीन बोटें सैल वाळू पसरलेली, आणि त्या वाळूवर प्रत्येक दगडाच्या चार कोपऱ्यांना व मध्यें एक असे सिमेंटच्या कालव्याचे पांच गोळे. लाडवांवर ताट ठेवावें तसा तो दगड ठेवला होता. बाकी सारी पोकळी. पुराचें पाणी भिंतीच्या कडेनें आंत गेलें, वाळू घेऊन बाहेर पडलें, आणि तिच्या जागीं बारीक गाळ ठेवून गेलें. तो गाळ सुकला तसा आकसला, आणि दगड खालीं बसले. दगड उत्तम होता. त्याला आधार नव्हता. उलट आजोबांच्या ओटीखालीं घट्ट चोपलेला मुरूम आणि त्यावर चुन्याचा एकसंध थर निघाला. त्याला पहार लावतांना गड्यांना घाम आला.

आतां प्रथम दगडाविषयीं. ह्या मुलखांत दगडाला कांहीं तोटा नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर निवून हा सगळा काळा पाषाण झाला. महाडच्या वेशीजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेल्या खोल्या आहेत. तेथें फरशी बसविलेलीच नाहीं. डोंगर वरून पोखरीत आणला आणि जो तळ उरला तीच जमीन. रायगडावर १६७४ सालीं राज्याभिषेक झाला. १८१८ च्या वेढ्यांत गडावरचे वाडे आगीच्या भक्ष्यस्थानीं पडले. लांकडी सांगाडा, छप्पर, सज्जे सगळें गेलें. पण घडीव काळ्या दगडाचीं जोतीं दोनशें पावसाळे अंगावर घेऊन अजून ओळंब्यांत उभीं आहेत. ज्यांना पाया म्हणजे काय हें एका दृष्टिक्षेपांत पाहावयाचें असेल, त्यांनीं गडावरच्या बाजारपेठेंतून एकदां सावकाश चालत जावें.

मग असा दगड उशापायथ्याशीं असतांना घरांतील फरशी आपण कर्नाटकांतून कां आणतों? कारण काळा पाषाण फार कठीण, आणि त्याला पापुद्रे नाहींत. तो फोडला म्हणजे वेडावांकडा फुटतो. सपाट करावयाचा तर पाथरवटानें टाकीनें एकेक इंच घडावा लागतो. पायरी, उंबरठा, जोतें, तुळशीवृंदावन ह्यांना ती मेहनत परवडते. सबंध खोलीला परवडत नाहीं. शहाबादी दगडाची गोष्ट निराळी. तो कलबुर्गी जिल्ह्यांतला चुनखडीचा दगड. प्राचीन समुद्राच्या तळाशीं गाळाचे थर बसून तो झाला, म्हणून तो खाणींतच वहीच्या पानांसारखा सुटतो. एक-दीड इंच जाडीची सपाट फरशी निसर्गानेंच करून ठेवलेली असते. माणसानें फक्त कडा कापावयाच्या. शहाबाद हें मुंबईहून रायचुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर असल्यानें हा दगड घाट उतरून आपल्याकडच्या चाळींत, शाळांत आणि देवळांत येऊन बसला.

तेलंगणांतील तांडूरचा पिवळसर दगड, आंध्रांतला काळा कडप्पा आणि राजस्थानांतील हिरवट कोटा हे शहाबादीचेच भाऊबंद. सगळे चुनखडीच्या जातीचे. संगमरवरहि मूळचा चुनखडीच. पृथ्वीच्या पोटांतील उष्णतेनें आणि दाबानें त्याचें रूप पालटलें, इतकेंच. ह्या सगळ्या कुळाचा एक स्वभाव गृहिणींनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. आंबट पदार्थ ह्याला सोसत नाहीं. आपल्या कोंकणच्या स्वैपाकघरांत कोकमाचें आगळ, चिंचेचा कोळ आणि लिंबू ह्यांचा सुकाळ. कडप्प्याच्या ओट्यावर आगळाचे चार थेंब रात्रभर राहिले तर सकाळीं तेथें पांढुरका डाग दिसतो. तो डाग धुऊन जात नाहीं, कारण तो डाग नव्हेच. तेथला दगडाचा वरचा पातळ थर आंबटानें खाल्लेला असतो. ओट्यासाठीं म्हणूनच ग्रॅनाइट बरा. त्याला आंबटाचें भय नाहीं. आणि पूर गेल्यानंतर, किंवा एरवींहि, फरशी उजळण्यासाठीं दारावर येणाऱ्या माणसाकडून तेजाब ओतून घेऊं नये. फेंस येतो, चिखल निघतो, आपण खूष होतों. परंतु त्या फेंसाबरोबर दगडाची झिलई आणि सांध्यांतलें सिमेंटहि जात असतें. साधें पाणी, खराटा आणि थोडा साबू एवढ्यावर काम भागतें.

दुसरी गोष्ट कठीणपणाची. चुनखडीचा दगड नदीच्या वाळूपेक्षां पुष्कळ मऊ असतो. वाळूंत गारेचे कण असतात, आणि ते पायांबरोबर घरांत येऊन फरशीला कानशीसारखे घांसतात. संगमरवराचें तेज उंबरठ्याजवळ आधीं जातें तें ह्यामुळें. दारांत एक जाड पायपुसणें आणि बाहेर पाय धुण्याची जागा ठेवली, तर फरशीचें आयुष्य वाढतें. पाय धुऊन घरांत येण्याची आपली जुनी रीत फरशीच्याहि हिताची आहे.

आणि तिसरी गोष्ट, जी मला फार महाग पडली, ती गुळगुळीतपणाची. झिलई केलेला दगड कोरडा असतांना निरुपद्रवी असतो. पण कोंकणांत चार महिने कोणतीहि जमीन पुरती कोरडी नसते. म्हणून न्हाणीघर, मागची पडवी, जिना आणि म्हाताऱ्या माणसांची जाण्यायेण्याची वाट येथें घांसून चमकविलेला दगड घालूं नये. खरबरीत शहाबादी किंवा टाकी मारलेला काळा दगड तेथें शोभतो. अंगणांत रत्नागिरीकडच्या पद्धतीनें जांभ्याचे चिरे घालणारेहि आतां आहेत. दिसावयास ते फार सुंदर. परंतु जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि श्रावणांत शेवाळतो. तो दर पावसाळ्यांत खराट्यानें घांसण्याची तयारी असेल त्यानेंच घालावा.

आतां बसविण्याकडे वळूं. उत्तम वेळ दिवाळीनंतरची. पावसाळ्यांत भिजलेलें जोतें तोंवर निवळूं लागतें आणि जमिनीखालचें पाणी उतरतें. पूर येऊन गेलेल्या घरांत तर मार्गशीर्षाच्या आधीं नव्या फरशीला हात लावूं नये. खालची ओल तशीच दाबून वर दगड बसविला तर ती भिंतींत चढते, आणि वर्षभरांत गिलाव्याला लोणा लागतो.

ओल आहे कीं नाहीं हें ओळखण्याची एक सोपी युक्ति सांगतों. हातभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनीं चिकटपट्टी लावून जमिनीवर घट्ट चिकटवावा आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवावा. नंतर पाहावें. तुकड्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब जमले असतील तर ओल जमिनींतून वर येत आहे, काम थांबवावें. थेंब वरच्या अंगाला असतील तर ते हवेंतले. मृग निघाला म्हणजे बाहेरची हवा दमट आणि उबदार होते, फरशी मात्र गार असते. गार तांब्यावर बाहेरून दंव धरतें तसें ह्या फरशीवर धरतें. आपण म्हणतों जमिनीला घाम आला. ह्या घामाला भिऊन पुष्कळ लोक चांगली जमीन उखडून टाकतात. त्याला औषध एकच: खिडक्या उघडून वारा खेळता ठेवणें आणि कोरड्या फडक्यानें पुसणें.

जमीन कोरडी ठरली कीं खालच्या अंगापासून सुरुवात करावी. जुनी सारवणाची माती, कुजकें लांकूड, राडारोडा, जें जें मऊ तें सर्व काढून टाकावें. भराव घालावयाचा तो मुरमाचा, सहासहा इंचांच्या थरांनीं, आणि प्रत्येक थरावर पाणी मारून चोपून. एकदम दोन फूट भराव ओतून वरून चोपणें फिरविलें तर वरचे चार इंच तेवढे घट्ट होतात आणि खालचें पोट सैल राहतें. भरावावर सहा ते नऊ इंच दगडांचें सोलिंग, त्यांतल्या फटी चिपांनीं ठांसून भरलेल्या, आणि त्यावर तीन-चार इंच काँक्रीट. काँक्रीटच्या खालीं जाड प्लास्टिकचा कागद अंथरला तर ओल पुष्कळ अडते. हें सारें काम दिसत नाहीं, आणि म्हणूनच तें होतांना घरधन्यानें जातीनें उभें राहावें. फरशी घालतांना उभें न राहिलें तरी चालेल. तिच्या चुका मागाहून दिसतात तरी.

काँक्रीट पक्कें झाल्यावर पाण्याच्या नळीनें खोलीच्या चारी भिंतींवर एकाच पातळीच्या खुणा कराव्या. ह्याच वेळीं दारें उघडतात कीं नाहीं, उंबरठा किती उंच राहतो आणि शेजारच्या खोलीची पातळी जुळते कीं नाहीं हें पाहावें. दोन खोल्यांच्या जमिनींत अर्ध्या इंचाचा फरक असण्यापेक्षां सरळ एक पायरी असलेली बरी. पायरी डोळ्यांना दिसते. अर्धा इंच फक्त ठेंचेला दिसतो. न्हाणीघरांत आणि मोरींत दर चार ते आठ फुटांस एक इंच उतार पाण्याच्या वाटेकडे द्यावा.

मग दगड कोरडेच मांडून पाहावे. हा निसर्गाचा माल आहे. एका खाणींतल्या दोन फरशांचा रंगहि अगदीं एक नसतो. सगळे गडद दगड एका कोपऱ्यांत आणि फिके दुसऱ्यांत असें होऊं नये म्हणून आधीं ते मिसळून घ्यावे, आणि तडा गेलेले किंवा कोपरा उडालेले बाजूला काढून भिंतीलगतच्या तुकड्यांसाठीं ठेवावे. बारा फूट लांबरुंद खोलीला दोन फुटी फरशा ३६ लागतात. फुटतूट धरून चाळीस आणाव्या, आणि काम संपल्यावर दोन-तीन अडगळींत जपून ठेवाव्या. पांच वर्षांनीं एक दगड फुटला तर त्याच रंगाचा दुसरा बाजारांत मिळेल असा भरंवसा धरूं नये.

बसवितांना प्रत्येक दगडाची पाठ धुऊन ओली करावी. ती धुळीनें भरलेली असली तर मसाला धरत नाहीं. मसाला सिमेंटचा असेल तर एकास पांच-सहा वाळू पुरते, आणि शहाबादीची जाडी कमीजास्त असल्यानें एक ते दोन इंचांचा थर लागतो. तो थर सबंध दगडाखालीं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत असला पाहिजे. गोळे मुळींच चालणार नाहींत, हें गवंड्याला आधींच सांगून ठेवावें. थरावर सिमेंटचें पाणी ओतून दगड ठेवावा आणि लांकडी ठोकळ्यानें मधून कडेकडे ठोकीत पातळींत बसवावा. सांधे अगदीं बंद करूं नयेत. दोन दगडांत नखभर आणि भिंतीलगत पाव इंच जागा असावी. उन्हाळ्यांत दगड थोडा वाढतो, आणि त्याला जागा न मिळाली तर तो वर उचलला जातो. भिंतीलगतची फट खालच्या उभ्या पट्टीनें झांकून जाते.

चुना कीं सिमेंट, असें मला पुष्कळ जण विचारतात. सिमेंट लवकर पकडतें आणि तें करणारे हात सर्वत्र मिळतात. चुन्याला वेळ लागतो, आणि चुन्याच्या घाण्या व तो मुरविणारीं माणसें आतां क्वचित् आढळतात. परंतु चुन्यावर बसविलेला दगड न फोडतां उचलतां येतो आणि पुन्हां बसवितां येतो. कडक सिमेंटांतला दगड सहसा फुटूनच निघतो. पुराच्या गांवीं हा लहान फायदा नव्हे. निदान सिमेंट वापरतांना खालचा थर अवाजवी कडक करूं नये.

दगड बसल्यावर दोन दिवस त्यावर कोणी चालूं नये, आणि निदान सात दिवस जमीन ओली ठेवावी. झिलई करावयाची असेल तर ती दोन आठवड्यांनंतर. मीं लग्नाच्या घाईंत चौथ्या दिवशीं यंत्र फिरविलें होतें. ज्या थरानें अजून धरलें नव्हतें तो त्या हादऱ्यांनीं सुटला, आणि चमक मात्र आली.

आणखी एक इशारा माडीवर राहणाऱ्यांसाठीं. जुनी लादी न काढतां तिच्यावरच नवी बसविण्याची सोय सध्यां लोकप्रिय आहे. थोडें गणित करा. बारा फूट लांबरुंद खोलींत एक इंच जाडीच्या चुनखडी दगडाचें वजन सुमारें नऊ क्विंटल भरतें, आणि त्याखालच्या दोन इंच मसाल्याचें तेरा-चौदा क्विंटल. म्हणजे एका खोलींत दोन टनांहून अधिक नवा भार. तो तुळयांना झेपेल कीं नाहीं हें अभियंत्याला विचारल्यावांचून ठरवूं नये.

आतां पोलादपूरकडे जाऊं. तेथें पुराचें भय कमी, पण सपाट जागाहि कमी. पुष्कळ घरें डोंगराच्या उतारावर आहेत. घर बांधतांना मागचा डोंगर कापतात आणि निघालेली माती पुढें टाकून जागा सपाट करतात. अशा घराचा मागचा अर्धा भाग मूळच्या खडकावर आणि पुढचा भरावावर असतो. पहिल्या दोन पावसाळ्यांत भराव बसतो, खडक बसत नाहीं, आणि फरशीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत एक सरळ चीर उमटते. माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं ती चीर तीन वेळां सिमेंटनें भरली आणि तीन वेळां पुन्हां आली. अखेरीस पुढच्या भरावाला दगडी टेकभिंत घालून, तिच्यांत पाणी निघून जाण्याचीं भोकें ठेवून, भराव पुन्हां थराथरांनीं चोपला. आणि दोन भागांच्या सीमेवर मुद्दामच एक सांधा सोडला. आतां जमिनीला हलावयाचें असेल तेव्हां ती त्या सांध्यावर हलते, दगड फुटत नाहीं.

परंतु ह्या भागांत प्रत्येक तडा गवंड्यानें भरण्यासारखा नसतो, हें मी कळकळीनें सांगूं इच्छितों. जुलै २००५ मध्यें महाड तालुक्यांत जुई, दासगांव, रोहण, कोंडिवते येथें दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गांवावर डोंगर आला आणि ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यांत केवनाळें आणि साखर सुतारवाडी येथेंहि दरडींनीं बळी घेतले. डोंगर सरकण्याआधीं पुष्कळदां खुणा करतो. अंगणांत किंवा घरामागच्या उतारावर नवी लांबट चीर पडते, ती दिवसादिवसाला रुंदावते. झाडें आणि खांब कलतात. दारें चौकटींत अडकूं लागतात. कोरड्या जागीं झरा फुटतो किंवा नेहमींच्या झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होतें. अतिवृष्टींत ह्यांपैकीं कांहीं दिसलें तर सिमेंटचें घमेलें आणूं नये. माणसें आणि गुरें घेऊन बाहेर पडावें, आणि तलाठ्याला व तहसील कचेरीला कळवावें. घरांतल्या फरशीला तडा गेला तर गवंडी बोलवावा. अंगणाला तडा गेला तर आधीं घर सोडावें. फरशी पुन्हां बसवितां येते.

वेळ संपत आली. आत्याबाईंच्या दिवाणखान्याचें काय झालें तें सांगून मी थांबतों. पुढच्या पौषांत आम्हीं ती जमीन तळापासून केली. दगड कोणता घालावयाचा हें ह्या वेळीं त्यांनीं ठरविलें: ओटीसारखीच खरबरीत शहाबादी. भावंडांनीं कुरकुर केली कीं दिवाणखाना जुनाट दिसेल. आत्याबाई म्हणाल्या, "दिसूं दे. मला त्यावरून चालावयाचें आहे." गवंड्याला हवे होते तेवढे दिवस मीं दिले, आणि सोलिंग होतांना रोज सकाळीं तेथें जाऊन उभा राहिलों.

काम पुरें झालें त्या दिवशीं आत्याबाई काठी टेकीत खोलींत आल्या. त्यांनीं कोपऱ्यांतून सुरुवात केली आणि प्रत्येक दगडावर काठी ठोकून आवाज ऐकत त्या सावकाश पुढें गेल्या. भरीव दगडाचा आवाज बद्द येतो, पोकळ दगड मडक्यासारखा वाजतो. चौथ्या रांगेंतील एका दगडाशीं त्या थबकल्या. पुन्हां ठोकलें. गवंड्याकडे पाहून म्हणाल्या, "मिस्त्री, हा बोलतो आहे." गवंडी चांगला माणूस, तो हंसला, आणि त्यानें तो दगड उचलला. एका कोपऱ्याखालीं मसाला कमी पडला होता. त्यानें तो भरून दगड पुन्हां बसविला, आणि आत्याबाईंनीं पुन्हां काठी ठोकून पाहिली.

आपण ज्या फरशीवर बसून किंवा उभे राहून हें ऐकत आहां, तीहि एकदां काठीनें ठोकून पाहावी, एवढीच माझी विनंति आहे.